गळ्यातला पांढरा बँड

वकील व्हायचं की नाही हे ठरवण्याआधी एखाद्या वकिलाशी बोलावं, म्हणून मी कामगार न्यायालयात सुलभाताईंना भेटायला गेले. लहानपणापासून मी वडिलांबरोबर कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटत आले आहे. अन्यायाविरुद्ध लढायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

ताई कोर्टरूममधून बाहेर आल्या, जिन्यापाशी थांबल्या आणि गळ्यातला वकिलीचा पांढरा बँड सोडून त्यांनी खिशात ठेवला.

"उकडतंय का हो?" मी विचारलं.

"केस हरलोय गं. बँड लावून सांगितलं की अशिलांना वाटतं, कोर्टच पुन्हा बोलतंय."

कामावरून काढल्यापासून इथे खेटे घालणारे एक काका, ताईंचे अशील, जिन्याखाली उभे होते. त्यांनी वर पाहिलं ते थेट ताईंच्या गळ्याकडे. मग हसले. "राहू द्या मॅडम, कळलं. चहा घेणार ना?"

उद्या या पायरीवर मी असेन आणि असंच कुणीतरी माझ्या गळ्याकडे बघेल. पत्रकात आम्ही 'लढा चालूच राहील' असं छापतो, आणि ते खरंच आहे. पण पत्रकाला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

"याची सवय होते का?" मी हळूच विचारलं.

"त्यांना झालीय बघ," ताई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

मला वकीलच व्हायचंय. पण त्या दिवसापासून आरशासमोर उभी राहिले की माझा हात आपोआप गळ्याशी जातो.