गडग्यावरचा ओटीपी

आमच्या घरात तारेचं इंटरनेट आहे, पण मोबाइलची रेंज फक्त पुढच्या जांभ्याच्या गडग्यावर मिळते. त्यामुळे सगळ्यांचे फोन त्या भिंतीवरच पडलेले असतात. मेसेज आला की जवळ असेल तो वाचून दाखवतो, ओटीपी असेल तर आकडे ओरडून सांगतो. माझ्या बँकेचा ओटीपी आई अख्ख्या वाडीला ऐकवते. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

मी घरी बसून सॉफ्टवेअर लिहिते. गेल्या वर्षी रत्नागिरीतल्या एका लॅबच्या वेबसाइटवरून पेशंटचे रिपोर्ट हॉस्पिटलच्या वेबसाइटवर न्यायचं काम माझ्याकडे होतं. दोन वेबसाइट जोडणाऱ्या लिंकमध्ये पेशंटचं नाव नाही, रिपोर्ट नाही. फक्त एकदाच चालणारा परवलीचा आकडा. तो दाखवला की दोन्ही वेबसाइट आपसात बोलून रिपोर्ट पोचवतात आणि आकडा बाद होतो. पेशंटने ओटीपी घातल्याशिवाय रिपोर्ट कुणालाच दिसत नाही, मलाही नाही. याचा मला भारी अभिमान होता.

त्याच लॅबमध्ये वहिनीच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला. हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक. दादा बोटीवर, कळलं असतं तर कॉन्ट्रॅक्ट अर्धवट टाकून आला असता. आणि आईला सांगणं म्हणजे दादाला सांगणंच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

रिपोर्ट आला त्या सकाळी वहिनी माझ्या कॉम्प्युटरसमोर बसली. ओटीपी मागवला आणि मग लक्षात आलं, तिचा फोन गडग्यावर आहे. आई तिथेच कोकमं वाळत घालत होती. मी उठेपर्यंत तिची हाक आली.

"अगो, तुझे आकडे आले." पाठोपाठ सहाही आकडे, खणखणीत.

वहिनीने ते घातले. गाठ साधी होती. ती रडली, मीही रडले.

तेवढ्यात आई आत आली. फोन वहिनीच्या हातात देत हळू आवाजात म्हणाली, "साधीच निघाली ना गो?"

वहिनीने डोळे पुसले. "आई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तपासणीची तारीख आली तेव्हाच वाचलं मी. मेसेजात लिहिलंनीत की सगळं."

मला आदला रविवार आठवला. दादाचा फोन आला होता आणि आई गडग्याला टेकून त्याच्याशी बराच वेळ बोलत होती. मी शेजारीच उभी होते. कोकमं किती धरली ते सांगितलं, माकडांना शिव्या घातल्या, वहिनी कशी आहे विचारल्यावर म्हणाली, "मजेत आहे, तू जेवलास काय?"