हौसाआत्याची न बांधलेली भिंत

निजामपुऱ्यातलं आपलं पडकं घर डागडुजी करून भाड्याने द्यायचं आमच्या हौसाआत्याने ठरवलं, ते साल १९८६. भिंतीपलीकडेच कापड विणायच्या लूमचा कारखाना, दिवसरात्र खडखडाट.

"मधी दुसरी भिंत घाला," गवंडी हिरामण म्हणाला. "नायतर हितं कोन झोपंल? आठ हजार लागतील."

"तुला झोपायचंय काय हितं?" आत्या उखडली. "झोपनाऱ्यालाच इचारते."

घर बघायला आलेला यादव लूमवरच कामाला होता. आवाजाचं विचारल्यावर त्याला हसूच आलं. "मौसी, आवाज बंद हो तो नींद नहीं आती. शुक्रवारी लूमला सुट्टी असते, त्या रात्री आम्ही जागेच. छप्पर तेवढं नीट करा."

आत्याने कौलं बदलली, मोरी बांधली आणि दोन हजारांत काम आटपलं. यादव दहा वर्षं राहिला.

मग कारखाना दुसरीकडे हलला. गल्ली गपगार झाली. हिरामण म्हणाला, "आता भाडं वाढवा आत्या, कसं शांत झालंय."

आत्या तेच सांगायला गेली, तर यादव तारवटलेल्या डोळ्यांनी सामान बांधत होता.

"आता इथं रोजच शुक्रवार आहे, मौसी."