दोघींची फियाट

त्या शनिवारी सुमनला घरी आणायचं ठरलं होतं. परळच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी तिच्या धाकट्या भावाला, विलासला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता घरीच न्या, इथं ठेवून काही उपयोग नाही. सकाळी मी फियाटच्या मागच्या सीटवर जुनी दुलई अंथरली, उशी ठेवली, थर्मासमध्ये पेज भरून घेतली आणि घाटकोपरहून निघाले. वाटेत पेट्रोल पंपावर थांबून चारही चाकांची हवा बघितली, स्टेपनीचीही. एका चाकात कमी होती. पंपावर टॅक्सीवाल्यांची रांग लागली होती, तिथं वेळ गेला. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर विलास बसला होता. मला बघून तो उठला नाही. "आत्ताच गं, ताई…" एवढंच म्हणाला.

मी वर गेले. सुमनच्या कपाळावर बारीकशी आठी होती, फळ्याकडे पाठ करून वर्गाकडे बघताना असायची तशीच. माझ्या मनात आधी आलं ते हेच, की त्या हवेपायी आपली शेवटची भेट हुकली. आणि पाठोपाठ वाटलं, ही जर आत्ता उठून बसली तर म्हणेल, "मग काय कमी हवेवर आली असतीस? तुझं डोकं फिरलंय का?" मला तिथं कॉटशेजारी उभ्या उभ्या हसू आलं आणि मग रडू थांबेना.

सुमन परब हे नाव वाचकांपैकी फारसं कुणाला ठाऊक असणार नाही. गोवंडीच्या एका शाळेत ती गणित शिकवायची, मी मराठी. दोघी घाटकोपरच्या एकाच वसाहतीत, समोरासमोरच्या इमारतींत राहायचो. तिचे वडील गिरणीत होते, ते गेल्यावर आई आणि विलास ही तिची माणसं. लग्न तिनं केलं नाही आणि त्याबद्दल ती कधी बोलली नाही. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायची, बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेली असं म्हणावं तसं. आईचे गुडघे कायमचे धरलेले. बसची पायरी त्यांना चढवत नसे. त्यांना डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे वसाहतीच्या दारापर्यंत टॅक्सी आणायची, आणि टॅक्सीवाले जवळच्या भाड्याला मान हलवून निघून जायचे. एकदा असाच एक जण आईला फुटपाथवर उभी ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये सुमन मला म्हणाली, "जुनी गाडी घेते. अर्धी तू घे. शाळेत जायला तुला, आईला न्यायला मला." मी हसले. ती हसली नव्हती. पंधरवड्यात दाराशी फिकट हिरवी फियाट उभी होती, आणि आमचे हे गॅलरीतून बघत म्हणत होते, "दोन मास्तरणींनी मिळून गाडी घेतल्याचं आजवर ऐकलं नाही बुवा!"

गाडी शिकायला आम्ही दोघी एकदमच गेलो. मला चालवण्याची हौस होती, स्टिअरिंगजवळचा तो गिअर खाली ओढून गाडी सुटली की मला अजूनही बरं वाटतं. सुमनला चालवण्याचं फारसं कौतुक नव्हतं. तिला गाडी थांबली तर काय करायचं ते हवं होतं. शिकवणाऱ्या मास्तरांना तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, चाक बदलायला शिकवा. ते म्हणाले, "बाई, ते कोणीपण करून देतो. लेडीज बघितल्यावर चार जण धावत येतात." सुमन शांतपणे म्हणाली, "ते चार जण येईपर्यंत माझी आई उन्हात बसेल." त्यांनी शिकवलं. मी तेव्हा बाजूच्या टपरीवर चहा घेत होते.

पहिल्याच उन्हाळ्यात गाडीनं आम्हाला धडा दिला. शाळेतून येताना रस्त्यातच बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी घाबरून गाडी कडेला घेतली, उतरले, बॉनेट वर केलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. सुमननं माझा हात असा झटकला की बांगडी फुटली. "भाजून मरशील! थंड होऊ दे आधी." आम्ही झाडाखाली बसून राहिलो. मग ती म्हणाली, "पाणी आटत आलं होतं आणि आपल्याला पत्ता नाही. म्हणजे आपण नुसत्या बसतोय गाडीत." त्या रविवारपासून तिची तपासणी सुरू झाली. गार इंजिनावर रेडिएटरचं पाणी, ऑइलची पट्टी पुसून, परत घालून, उजेडात धरून बघणं, बॅटरीचं पाणी, ब्रेकचं ऑइल, पंख्याचा पट्टा बोटानं दाबून पाहणं. मग वाकून टायरना कुठं कापलंय का, नक्षी किती झिजलीय. मला दिवे लावायला सांगायची आणि स्वतः पुढं-मागं फिरून बघायची. पहिल्या मजल्याच्या खिडकीत तिची आई बसलेली असायची, आणि मध्येच वरून मालवणीत हाक यायची, "पाणी बघलंस गो?" आम्हाला हसू यायचं. वसाहतीतली सगळी माणसं त्या हाकेला हसायची.

अशी वर्षं गेली. गिरण्यांचा संप झाला, वसाहतीतल्या कित्येक घरांची वाट लागली, विलासची नोकरी गेली, पुढं त्याला मुलुंडच्या एका कारखान्यात काम मिळालं. सुमननं घर ओढलं. आई रविवारी फियाटमधून गोरेगावला बहिणीकडे जायच्या, येताना मागच्या सीटवर झोपून जायच्या, आणि सुमन आरशात बघत गाडी हळू करायला सांगायची.

मागच्या दिवाळीनंतर मला कळलं. तेही तिनं सांगितलं नाही. शाळेत चक्कर येऊन पडली, म्हणून मी जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेली. गाठ होती. तिला पावसाळ्यातच हाताला लागली होती. मी घरी येताना गाडीतच तिच्यावर ओरडले. "दर रविवारी ह्या डबड्याचं बॉनेट उघडून बसतेस! टायरवरची चीर दिसते तुला! आणि स्वतःचं…?" तिनं खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "गाडीत आई बसते गं. तू बसतेस."

ऑपरेशन झालं, मग परळच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेवटच्या काही महिन्यांतली एक दुपार मला विसरता येत नाही. उपचार घेऊन आम्ही परत येत होतो. सुमन शेजारी डोळे मिटून बसली होती, डोक्याला रुमाल. शीव ओलांडून हायवेला लागलो आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. मागून थडथड आवाज. माझा पाय ब्रेकवर गेला. "ब्रेक मारू नकोस!" डोळे न उघडताच ती म्हणाली. "स्टिअरिंग घट्ट धर. पाय काढ. आपोआप मंदावेल… आता घे कडेला. अजून आत. सपाट जागा बघ." गाडी थांबली. मागचं डावं चाक बसलं होतं. मी म्हटलं, "तू बसून राहा, मी कुणाला तरी थांबवते." ती दार उघडून उतरलीसुद्धा. जॅक लावलेल्या गाडीत माणूस ठेवायचा नसतो, हे तिनं मला पुन्हा सांगितलं. कडेला एक मोठा दगड होता, रस्त्यापासून लांब, त्यावर ती छत्री उघडून बसली आणि वर्ग घ्यावा तशी बोलायला लागली.

हँडब्रेक ओढ. गिअरमध्ये ठेव. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लाव. मागं लांब एक फांदी टाकून ये, ट्रकवाल्यांना दिसायला हवी. मी एकेक करत होते. जॅक काढून गाडीखाली सरकवणार तोच ओरडली, "आधी नट सैल कर. चाक जमिनीवर आहे तोवर. वर उचलल्यावर जोर लावलास तर गाडी अंगावर येईल." पहिला नट हलेना. माझे तळवे सोलवटले. "पाय दे पान्यावर. सगळं वजन टाक. सावकाश, हिसका नको." मी साडी खोचली आणि पान्यावर उभी राहिले. कुर्रर्र करून नट सुटला, आणि मी इतक्या जोरात "सुटला!" म्हणून ओरडले की सुमन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. जॅकखाली फळकूट, कारण माती भुसभुशीत. स्टेपनी आधी गाडीच्या पोटाखाली आडवी, जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर बसावी म्हणून. हात मात्र खाली घालायचा नाही. मी घामानं निथळत होते. तेवढ्यात एक ट्रक थांबला आणि ड्रायव्हर उतरून आला. चांगला माणूस होता. "हटो बहनजी, मैं कर देता हूँ," म्हणाला. माझ्या जिवात जीव आला, मी पाना त्याच्या हातात देणारच होते. दगडावरून सुमन म्हणाली, "नको भाईसाब. उसको आता है."

मला येत नव्हतं. हे तिला माहीत होतं, मलाही. तो माणूस माझ्याकडे बघून हसला, "ठीक है" म्हणाला, आणि त्यानं ट्रक आमच्या मागं तसाच आडोशाला उभा ठेवला, माझं होईपर्यंत. मी चाक काढलं, दुसरं चढवलं, नट समोरासमोरचे आळीपाळीनं हातानं बसवले, गाडी खाली घेतली आणि मग पुन्हा पान्यानं आवळले. सुमन दगडावरून उठून आली. तिला प्रत्येक नट स्वतः बघायचा होता. पाना धरला तर जोर लागेना. तिनं पाना सोडला नाही, मला म्हणाली, "तुझा हात ठेव ह्याच्यावर." असे आम्ही दोघींनी मिळून नट आवळले, तिचा हात खाली आणि माझा वर. तिची बोटं गार होती. शेवटचा झाल्यावर ती म्हणाली, "झकास. आता वाटेत पंक्चर काढून घे. बिनस्टेपनीची फिरू नकोस." फिरू नकोस… "फिरायचं नाही" असं ती म्हणायची नेहमी, आम्हा दोघींना धरून. त्या दिवशी तिनं मला एकटीलाच सांगितलं. मी गाडी सुरू केली. वाटेत पंक्चर काढून घेतलं.

ती गेल्यावर मी गाडीला हात लावला नाही. शाळेत बसनं जात होते. फियाट इमारतीखाली धूळ खात उभी होती, टपावर मांजरं झोपायची. आमच्या ह्यांनी एक-दोनदा विकायचं सुचवलं, मी न ऐकल्यासारखं केलं. तीन-चार आठवडे असे गेले असतील. मग एका रविवारी सकाळी विलास आला. म्हणाला, "आई विचारतेय, तिला एकदा सुमीची शाळा दाखवशील का? तिनं कधी बघितलीच नाही."

मी खाली उतरले. पुढचं एक चाक पार बसलेलं. विलास पुढं झाला, त्याला मी म्हटलं, "राहू दे, मला येतं." आणि बदललं. घाई केली नाही. मग बॉनेट उघडून पाणी घातलं, ऑइल बघितलं. बॅटरी उतरली होती, वसाहतीतल्या माणसांनी धक्का दिला तेव्हा गाडी सुरू झाली. विलासनं आईला जिना उतरवून आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. गाडीचं सगळं होईपर्यंत त्या वरच्या खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या, पण हाक मारली नव्हती. मी सहज विचारलं, "आज पाणी विचारलं नाहीत, आई?"

त्या पुढं बघत म्हणाल्या, "तुका कशाक इचारू? तू थोडीच रडत होतंस?"

मला कळलं नाही.

"ह्या वरसा दुखणा इला ना… तेव्हापासून बॉनेट वर केल्यान काय तेच्या मागे रडायचा सुमी, माझा चेडू. घरात माझ्यासमोर कशी रडतली? तिका वाटायचा, म्हातारेक काय दिसता. माका तोंड दिसायचा नाय, पण खांदे दिसायचे ना. मग मी वरसून ती नेहमीची साद घाली. तेवढोच तिका तोंड पुसूक वेळ."

त्या हाकेला आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा, दोन हातांवर उभी असून.

रविवार होता, शाळा बंद. वॉचमन ओळखीचा, त्यानं तळमजल्यावरचा वर्ग उघडून दिला. आई विलासच्या खांद्यावर हात ठेवून आत आल्या, पहिल्या बाकावर बसल्या. खिडकीतून देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरांकडचा तो नेहमीचा जळका वास येत होता. त्यांनी फळा बघितला, टेबल बघितलं. मग विचारलं, "खय उभी ऱ्हवायची?"

मी फळ्याशेजारची जागा दाखवली.

"खुर्ची आसा ती?"

"खुर्चीवर नाही बसायची ती, आई. शिकवताना उभीच असायची."

"दिवसभर?"

"हो. दिवसभर."

त्या बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिल्या. मग वाकून आपल्याच सुजलेल्या गुडघ्यांवरून हात फिरवायला लागल्या, हळूहळू, खाली घोट्यापर्यंत.

"आणि रातचा घराक येवन चेडू माझे पाय चेपीत बसायचा," त्या म्हणाल्या. "मी कधी तिका तुझे पाय दुखतत काय म्हणान इचारूक नाय गो."