लोटूच्या कानाचं मशीन

लोटूला ऐकू येत नाही, हे आमच्या गल्लीत वेगळं सांगावं लागत नाही. ज्याने पस्तीस वर्षं कापड विणायचे लूम चालवले त्याचे कान जातातच. माझा डावा गेला, उजवा अजून काम देतो. लोटूचे दोन्ही गेले.

तो पारोळ्याकडचा. अठराव्या वर्षी सुरतेला आला आणि उधन्याच्या एका खात्यात कामाला लागला. लूम जिथे चालतात त्या शेडला इथे खातं म्हणतात. मी त्याच खात्यात होतो, पलीकडच्या रांगेला. लोटू बारा लूम सांभाळायचा. बारा लूम म्हणजे बारा तास उभं राहणं नव्हे, चालणं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, तुटलेली तार म्हणजे धागा बघत, सुताची रिकामी कांडी बदलत. मी एकदा त्याच्या फेऱ्या मोजल्या होत्या. तासाला चाळीसच्या वर भरल्या. त्याच्या कापडाच्या ताक्यात डाग किंवा तुटका धागा निघाल्याचं मला आठवत नाही.

खात्यात बोललेलं कानाला कळत नसे. आम्ही ओठ वाचायचो. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात दोन गोष्टी शिकवायच्या, तार जोडणं आणि समोरच्याकडे तोंड करून बोलणं. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे. पाठ करून बोलणारा माणूस म्हणजे न बोलणारा माणूस. लक्ष वेधायचं असेल तर खांद्यावर दोन थापा.

दिवसपाळी आणि रातपाळी मिळून एकाच बारा लूमवर दोन माणसं. ते एकमेकांचे जोडीदार. लोटूचा जोडीदार हेमराज, त्याच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, शिंदखेड्याकडचा. अकरा वर्षं दोघांनी तेच लूम चालवले. जोडीदाराला उशीर झाला तर त्याची हजेरी आधीच लावायची, ही आमची रीत होती. खात्याचा मास्तर हजेरीची वही घेऊन आला की सांगायचं, आलाय, पाणी प्यायला गेलाय. वहीत खूण व्हायची. माणूस मग अर्ध्या तासाने यायचा, पण यायचाच. तोवर पहिला माणूस घरी जात नसे. लोटूने हेमराजसाठी अशी खूण किती वेळा करवून घेतली असेल, त्याला गणती नाही. हेमराजनेही लोटूसाठी केली. खोटी कधी निघाली नाही.

पुढे मालकाने नवी यंत्रं घेतली आणि जुने लूम भंगारात गेले. त्यांच्याबरोबर आम्हीही बाहेर पडलो. मी घरी बसलो. लोटू गोडादऱ्याच्या एका बिल्डिंगवर वॉचमन लागला. हेमराज कुठे कुठे काम करतोय ते उडत उडत कळायचं.

लोटूची ड्युटी दिवसाची. गेट धुणं, पाण्याची मोटर, गाड्या लावून घेणं, सगळं चोख. अडचण एकच होती, इंटरकॉम. वरच्या मजल्यावरून घंटी वाजायची आणि लोटू समोर बसून रस्ता बघत राहायचा. तक्रारी झाल्या. सेक्रेटरी गुजराती, माणूस वाईट नाही. त्याने लोटूला ओठ दिसतील असं समोर बसवून समजावलं की काका, पहिल्या तारखेपर्यंत कानाचं काही तरी करा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.

लोटूची मुलगी नूतन कोसाडला दिलेली. तिने मोबाइलवरून कानाचं मशीन मागवलं. पैसे आधीच भरले. पत्ता लोटूच्या घराचा, आमच्याच इमारतीचा. मी तळाला, लोटू तिसऱ्या मजल्यावर. आमच्याकडचे जिने शिडीसारखे उभे. बेचाळीस पायऱ्या आहेत. लोटू बासष्टाव्या वर्षी रोज दोनदा चढतो. प्रमिलाबाई, त्याची बायको, पाण्याची कळशी घेऊन चढते.

पार्सल चार दिवसांत यायचं होतं. चौथ्या दिवशी नूतनच्या मोबाइलवर आलं की ग्राहकाने फोन उचलला नाही. फोन नंबर लोटूचा दिला होता. ज्याला ऐकू येत नाही म्हणून मशीन मागवलं, त्याने फोन ऐकला नाही म्हणून मशीन परत गेलं. नूतनला रडावं की हसावं कळेना. तिने माझा नंबर टाकला.

दुसऱ्या खेपेला मी सकाळपासून ओट्यावर होतो. जेवणसुद्धा ओट्यावर केलं. फोन मांडीवर. कुणी आलं नाही, कुणाचा फोन नाही. संध्याकाळी निरोप आला की ग्राहक घरी नव्हता. मी नूतनला म्हटलं, हे जो कोणी लिहितोय तो गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा आलेला नाही. चढायला नको म्हणून नाही आला, ते मी समजू शकतो. पण मग तसं लिही ना. मी दिवसभर जागेवर बसलो ते काम माझ्या नावावर लागायला हवं होतं, त्याऐवजी गैरहजेरी लागली.

तिसऱ्या खेपेला नाही मिळालं तर पार्सल विकणाऱ्याकडे परत जाणार होतं. पहिली तारीख सहा दिवसांवर आली होती.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला माझा फोन वाजला.

"रघुनाथभाऊ, ओळखला का? हेमराज बोलतोय."

मला इतकं बरं वाटलं की मी उभा राहिलो. तो आता पार्सलं पोहोचवायचं काम करत होता आणि आमचा भाग याच आठवड्यात त्याच्याकडे आला होता. पार्सलवर लोटूचं नाव वाचून त्याने ओळखलं, असं म्हणाला. पण तो डिंडोलीच्या पलीकडे अडकला होता, अजून आठ घरं बाकी होती, आणि सातच्या आत मोबाइलवर नोंद झाली नाही तर पार्सल रात्रीच्या गाडीने परत जाईल. तुमच्या फोनवर चार आकडी नंबर आला असेल, तेवढा सांगा, तो म्हणाला, म्हणजे मी पार्सल पोहोचल्याची नोंद करतो. उद्या सकाळी स्वतः वर चढून दादाच्या कानात घालून देतो.

नंबर आला होता. त्याच्या खाली हिंदीत लिहिलंही होतं की पार्सल हातात पडल्याशिवाय हा कुणाला सांगू नका. मी ते वाचलं. खोटं कशाला बोलू.

लोटू तेवढ्यात ड्युटीवरून आला. मी ओठांनी त्याला सांगितलं, हेमराज आहे, आधी नोंद मागतोय. लोटू हसला. किती तरी दिवसांनी तो असा हसला.

"दे ना," तो आमच्या अहिराणीत म्हणाला. "मन्हा जोडीदार शे तो."

मी नंबर सांगितला. आम्हाला दोघांनाही त्यात वावगं काही दिसलं नाही. हजेरी आधी लागली, माणूस सकाळी येईल. आयुष्यभर तेच केलं होतं.

शनिवारी सकाळी लोटूने सुट्टी घेतली. प्रमिलाबाईने पोहे केले, हेमराज येणार म्हणून. दहा वाजले, बारा वाजले. मी फोन केला, घंटी वाजत राहिली. रविवारी केला, तेव्हा बंद. लोटू म्हणाला, कामाचा ताण असेल, येईल. सोमवारी नूतनने पार्सलवाल्या कंपनीकडे तक्रार केली. तासाभरात उत्तर आलं की पार्सल ग्राहकाच्या हातात दिलेलं आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे.

मंगळवारी मी आणि लोटू रिक्षाने त्यांच्या गोदामावर गेलो. पत्र्याची मोठी शेड. जमिनीवर पार्सलं पडलेली, त्यांच्यावरून माणसं पाय टाकून चाललेली. ताका असा कुणी टाकला असता तर आमच्या मास्तराने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तिथला मॅनेजर प्रशांत नावाचा, तिशीतला, नीट बोलणारा. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या. कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला. शुक्रवार, सहा बावन्न, नंबर जुळला, पार्सल दिलं.

मी सांगितलं की नंबर फोनवर दिला, पार्सल आलंच नाही.

"म्हणजे पार्सल न बघता तुम्ही नंबर दिलात?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. त्याने पेन खाली ठेवलं. त्याच्या बाजूने विषय तिथेच संपला होता, आणि त्याला मी दोष देत नाही. तरी त्याने हेमराजला बोलावलं.

हेमराज आत आला. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय. लोटू खुर्चीतून अर्धा उठला, हात पुढे केला. हेमराजने तो हात पाहिला. मग तो आमच्या आणि टेबलाच्या मध्ये आला, लोटूकडे पूर्ण पाठ केली आणि मॅनेजरकडे बघून बोलला.

"हातात दिलंय साहेब. वय झालंय त्यांचं, कुठे तरी ठेवून विसरले असतील."

लोटूला त्याची पाठ दिसली, बाकी काही नाही. हेमराजला हे ठाऊक होतं. म्हणूनच तो तसा उभा राहिला. मी उठलो, खोटं बोलतोय म्हणालो, दोन माणसं दारातून डोकावली. पण माझ्याकडे सांगायला होतं काय? नंबर मीच दिला होता. हेमराज माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

आम्ही रिक्षात बसलो. लोटूने माझ्या खांद्यावर थाप मारली.

"तो काय बोलना?"

मी ओठांनी जसंच्या तसं सांगितलं. विसरले असतील, हेसुद्धा. मी ते वाक्य गाळू शकलो असतो. पण मग मीही पाठ केल्यासारखं झालं असतं. लोटूने मान हलवली आणि रस्त्याकडे बघत बसला. घरी आल्यावर त्याने प्रमिलाबाईसमोर ट्रंक उघडली, कपाट उघडलं, गादी उचलून पाहिली. आपण खरंच कुठे ठेवलं असेल का, हे बघत होता. मला त्या वेळी हेमराजचा जितका राग आला तितका गोदामातही आला नव्हता.

गुरुवारी पहिली तारीख होती. सेक्रेटरीने दुसरा माणूस ठेवला. जाताना लोटूने गेट धुतलं, मोटर बंद केली आणि किल्ल्या त्या नव्या माणसाच्या हातात मोजून दिल्या.

खरं काय झालं ते आठवड्याने कळलं. प्रमिलाबाई साड्यांना टिकल्या लावायला जिथे जाते, तिथे हेमराजची बायको कुसुम नव्याने आली होती. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं होतं, पण प्रमिलाबाई कुणाची बायको, हे तिला माहीत नव्हतं. ती बोलता बोलता सांगून गेली की मागच्या पंधरवड्यात शुक्रवारी दुपारी तिच्या नवऱ्याच्या गाडीवरून पार्सलांची एक पिशवी चोरीला गेली. सगळं त्याच्यावर आलं असतं, कदाचित कामही गेलं असतं. पण लोक चांगले निघाले, फोनवर नंबर दिले, सुटला बिचारा.

दुपारी पिशवी गेली. संध्याकाळी साडेसहाला त्याने मला फोन केला. म्हणजे उद्या सकाळी कानात घालून देतो म्हणाला तेव्हा त्याच्याकडे पार्सल नव्हतंच. आमच्या खात्यात गैरहजर माणसाची हजेरी लागत होती, पण तो येणार असायचा. जो येणारच नाही त्याची हजेरी मी लावली.

 प्रमिलाबाईने घरी येऊन लोटूला सगळं सांगितलं, समोर बसून, सावकाश. ती त्याच्याशी दुसऱ्या तऱ्हेने बोललेली मी कधीच पाहिली नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी लोटू माझ्या ओट्यावर बसला होता. गल्लीत वर्दळ होती. हेमराजची गाडी आली, मागे पार्सलांची पिशवी. प्रमिलाबाई कोण ते कुसुमला पुढे कळलं असावं आणि ती घरी बोलली असावी. त्याने गाडी लावली, आमच्यासमोर उकिडवा बसला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज न काढता बोलायला लागला. खात्यातल्यासारखा, नुसत्या ओठांनी. गल्लीतल्या कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

"पिशवी गेली होती दादा. काम गेलं असतं माझं. तुझ्याशिवाय कुणाकडे मागणार होतो?"

लोटूने एवढं वाचलं आणि डोळे मिटले.

हेमराजचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग थांबले. त्याने लोटूच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. पाळी बदलताना मारायचे तशा, मी आलोय, तू जा. लोटू हलला नाही. हेमराजने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

तो उठला. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर सुंदरा राहते, तिचं एक पार्सल होतं. त्याने खालूनच हाक मारली. ती गुडघ्यांनी अधू आहे. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत ती खाली आली. त्याने पार्सल दिलं, नंबर घेतला आणि गाडी चालू केली.

लोटूचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"गया का?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो, पण ते त्याला कळणार कसं. मी त्याचा हात धरून दाबला. तेव्हा त्याने डोळे उघडले.