शुक्री घरी राहिली

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते आधीच सांगून टाकते. मी अरुंधती. बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा कर्ज विभागात. तारण नसताना मी कुणाला दमडी दिली नाही. आणि निवृत्त झाल्यावर जाऊन पडले कुठे, तर गोरगरिबांच्या खात्यात थेट पैसे टाकून ‘काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणणाऱ्या एका संस्थेत. व्याज नाही, हप्ता नाही, अट नाही. पहिल्याच मीटिंगमध्ये मी म्हटलं, हे मला पटत नाही. तरी त्यांनी मला घेतलं, कारण उन्हातान्हात फिरून फुकटात फॉर्म भरणारं दुसरं माणूस त्यांना मिळत नव्हतं.

पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर डोंगराकडे एक कच्चा रस्ता फुटतो. त्याच्या टोकाला कातकऱ्यांची बावीस घरांची वाडी आहे. शुक्री तिथली. चाळिशीची असेल, नक्की तिलाही माहीत नाही. अंगाने काटक, बोलणं मोजकं. नवरा काळू तिच्याहून अबोल. एकुलती मुलगी लग्न होऊन उरणकडे गेलेली. घरात तिसरी म्हणजे काळूची आई, मैना. घरातल्या दोघांच्या वाटचं बोलणं तीच बोलायची.

श्रावणात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मैना उंबऱ्यात बसली होती. “कोन गो ही? आनि एवढी वरडते कशाला?” असं तिने माझ्यादेखत सुनेला विचारलं. गरिबांशी अहोजाहो करा, असं आम्हाला शिकवलेलं होतं. मी दुसऱ्या वाक्याला शुक्रीशी अगंतुगंवर आले. पण समजावून मात्र नीट सांगितलं. चाळीस हजार खात्यात येतील, कसलीही अट नाही, असं तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा शुक्री “बरं” म्हणाली. पैसे त्याच महिन्यात जमा होणार होते, त्यांचं काय करणार तो फॉर्मवरचा रकाना दिवाळीनंतर भरायचा होता. मी खूश होऊन घरी आले.

दिवाळी झाल्यावर संस्थेच्या जीपने गेले तेव्हा वाडी निम्मी रिकामी होती. शुक्रीच्या अंगणात दोन बोचकी बांधून ठेवलेली. ताडपत्रीची गुंडाळी, एकात एक घालून दोरीने आवळलेली पातेली, पाटीखाली कोंबडी. काळू धुतलेला शर्ट घालून उकिडवा बसला होता. मला पाहून दोघंही उठली.

“टेंपो मागनं येतोय का, बाई?” काळूने विचारलं.

“कसला टेम्पो?”

“मंग या जीपातच बसायचं?”

मला काही उमजेना. शुक्री पुढे आली. ती माझ्याकडे न बघता, पाठ केल्यासारखं बोलली, “बाई, तुमचं पाच हजारच खर्चलंय आमी. पावसात तांदूळ घेतला. बाकीच्याला हात नाय लावला. पाच हजाराचं काम करतो, मंग सोडा आमाला. संक्रांतीपर्यंत सोडाल ना?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी तिथेच ओट्यावर बसले.

या वाडीत पैसा आधी हातात आला की पाठोपाठ टेम्पो येतोच. पावसात मजुरी नसते, चूल पेटायची पंचाईत होते, तेव्हा वीटभट्टीचा शेठ उचल देतो. दिवाळी झाली की त्याचा टेम्पो येतो आणि नवरा-बायकोला भट्टीवर घेऊन जातो, ती माणसं पावसाच्या तोंडाला परत येतात. शुक्री लहान असताना आईबापांबरोबर जायची, मग काळूबरोबर. कामाच्या आधी हातात पडणारा दुसरा कुठला पैसा तिने जन्मात पाहिला नव्हता. मी ‘अट नाही’ म्हणाले ते तिने ऐकलं होतं. पण पैसे देताना सगळेच शेठ गोड बोलतात, हेही तिला माहीत होतं. भट्टीवाल्याचा माणूस उचल घेऊन आला तर तिने त्याला परत पाठवलं. दोन शेठचे पैसे एकदम अंगावर घ्यायचे नाहीत, अशी त्यांची रीत. यंदाची त्यांची शेठ मी होते!

“मी तुला शेठ वाटले?” मी ओरडलेच.

“बाई शेठ आमी पयल्यांदाच बघितला,” काळू म्हणाला.

“तुमी रागीट हाव जरा,” शुक्री म्हणाली, “पर अंगावर हात नाय टाकनार, असं वाटलं.”

कर्ज विभागात माझ्याबद्दल इतकं बरं कुणी बोललं नव्हतं.

“मंग पैसं कशापायी?” काळूने विचारलं. मी संस्थेचं ठरलेलं वाक्य म्हणून दाखवलं, की तुमच्या आयुष्यात तुम्हाला जे महत्त्वाचं वाटतं त्यासाठी. त्या बोचक्यांपुढे ते वाक्य मलाच पोकळ वाटलं.

“परत नाय द्यायचं?” शुक्रीने विचारलं.

“नाही.”

“काम पन नाय?”

“नाही म्हटलं ना एकदा! किती वेळा सांगू?”

माझा आवाज असा चढल्यावर तिला ते खरं वाटलं. तिने काळूकडे पाहिलं. काळूने पाटी उचलून कोंबडी सोडून दिली.

मी पेन काढलं. फॉर्मवर शेळीपालन, शिवणकाम, किराणा दुकान, घरदुरुस्ती, शिक्षण असं छापलेलं होतं. त्यातलं काय करायचंय, म्हणून विचारलं.

“ऱ्हायाचं हाय,” शुक्री म्हणाली.

“म्हणजे घराचं काम काढायचंय? पत्रे घालायचेत?”

“नाय. घरातच ऱ्हायाचं. औंदा जायाचं नाय.”

“अगं, पण राहून करणार काय? शेळ्या घे. चार शेळ्यांच्या दोन वर्षांत दहा होतील.” बत्तीस वर्षांची सवय, ती काय एका दिवसात जाते! मी चारा, विमा, बोकडाचा भाव सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाई, आत या.”

आत मैना पडून होती, भिंतीकडे तोंड करून. गणपतीपासून तिचे पाय गेले होते. उंबऱ्यात बसून मला नावं ठेवणारी बाई ती हीच, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. तिच्या चटईभोवती वस्तू मांडलेल्या होत्या. तांदळाचा डबा, मिठाची बरणी, पाण्याची तीन मडकी, तवली, काडेपेटी, काठी. हात लांब केला की पोहोचेल, अशी एकेक वस्तू शुक्रीने मापून ठेवली होती. पाणी संपलं की शेजारच्या गोदूबाईने भरायचं, असं ठरलं होतं.

“तिकडे तोंड का केलंय?”

“आमी निघायच्या दिशी ती अशीच निजते. तोंड बघितलं का पाय निघत नाय, म्हनते.”

मग शुक्रीने बाहेर येऊन सासऱ्याचं सांगितलं. चार वर्षांपूर्वी दोघं भट्टीवर असताना म्हातारा गेला. मैना तेव्हा लाकडाला गेली होती. आली तर तो चुलीपाशी पडलेला. वाडीत धड चार माणसं नव्हती, भट्टी लांब, फोन लागेना. काळूला आठव्या दिवशी कळलं, तोवर सगळं उरकलं होतं. शेठने एक दिवसाची सुट्टी दिली. “येऊन बघायचं काय व्हतं?” शुक्री म्हणाली. “आता हिचं तसं नाय व्हऊ द्यायचं. म्हनून म्हनलं, संक्रांतीपर्यंत सोडा.”

माझी आई शेवटची दोन वर्षं सांगलीला एकटी होती. मी तिला वारांची नावं लिहिलेला गोळ्यांचा डबा आणून दिला होता, उशाशी फोन, भिंतीवर मोठ्या अक्षरात नंबर, सकाळ-संध्याकाळ बाई. सगळं हाताशी. मी त्याला ‘आईची व्यवस्था’ म्हणायचे आणि ती चोख आहे म्हणून चारचौघांत सांगायचे. त्या ओट्यावर बसून मला माझी इतकी लाज वाटली की डोळे पुसायचंसुद्धा सुचलं नाही. शेळ्यांचं मी पुन्हा काढलं नाही.

फॉर्मवर ‘इतर’ समोर मी लिहिलं: घरी राहणे. दोन दिवसांनी ऑफिसातून अनुष्काचा फोन आला. मुलगी गुणी आहे, पण तिचं सगळं जग त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

“मॅडम, ‘घरी राहणे’ हा गोल कसा होईल? रिपोर्टमध्ये काय दाखवू? काहीतरी ॲक्टिव्हिटी लागते ना.”

“अनुष्का, तुझी आजी कुठे असते गं?”

“आमच्याकडेच. का?”

“तिला एकटीला टाकून सहा महिने जाऊन ये आणि मग मला फोन कर,” म्हटलं आणि ठेवला. नंतर वाईट वाटून मीच तिला फोन केला. तिने तोपर्यंत ‘घरी राहणे’ जसंच्या तसं चढवलं होतं.

दोघं राहिली. उचल न घेता वर्ष कसं निघतं हे त्यांनाही माहीत नव्हतं, चाचपडत शिकली. पैशातून आधी भात आणि तेलमीठ आलं. मग मैनेला टेकायला एक खाट आली आणि डॉक्टरकडे नेण्या-आणण्याचं रिक्षाभाडं सुटलं. काळू पळस्प्याच्या नाक्यावर उभा राहून बांधकामावर जाऊ लागला. काम मिळालं तर ठीक, नाहीतर नऊला घरी. शुक्री रानातले करांद्याचे कंद खणून पनवेलच्या बाजारात नेई. विकले नाहीत तरी दुपारी उठे. भाव पाडून मागणाऱ्या बायकांना ती म्हणायची, “न्या, मला घरी जायाचंय.” मी तिला एकदा स्वतः ऐकलं आणि शंभराचे करांदे घेतले, जे आमच्या घरी कुणालाच शिजवता आले नाहीत.

मैनेला महिनाभर पटलंच नाही. रोज उठली की “टेंपो आला का?” म्हणून विचारायची आणि भिंतीकडे वळायची. शुक्री तिला पेज भरवायची, मग ती इकडे तोंड करायची. संक्रांतीला मी फॉर्म न घेताच गेले. म्हातारी खाटेवर बसून सुकटीत मीठ जास्त पडल्याबद्दल सुनेचा उद्धार करत होती. मला बघून म्हणाली, “आली वरडनारी.” आणि तोंडाचं बोळकं उघडून हसली. शुक्री चुलीपाशी बसून शिव्या खात होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही. इतकं तृप्त माणूस मी आमच्या सोसायटीत पाहिलेलं नाही.

माघाच्या शेवटी तपासणीचा फॉर्म घेऊन गेले. अंगणात खाट उभी करून ठेवलेली. मैनेला जाऊन अकरा दिवस झाले होते.

“मला कळवायचं नाही का गं?” मी भडकलेच. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

शुक्रीने मला पाणी दिलं आणि समोर बसून सांगितलं. सकाळची वेळ होती. काळूला नाक्यावर काम मिळालं नव्हतं, तो घरामागे लाकडं फोडत होता. तिने सासूला उचलून उन्हात बसवलं, डोक्याला तेल लावलं आणि विंचरायला घेतलं. म्हातारी केस ओढले म्हणून चिडली. तिच्या आईची वेणी केवढी जाड होती, ते सांगू लागली. सांगता सांगता गप्प झाली.

“मी म्हनलं, आय, मान वर कर जरा. तर मान माझ्या हातात जड झाली. मंग मी काळूला हाक मारली. पानी त्यानं पाजलं, गेलं का नाय ठाव नाय, पर पाजलं.”

ती रडेल असं वाटलं, पण तिने नुसता पदर तोंडावरून फिरवला.

“बाई, म्हातारा गेला तवा आमाला आठव्या दिशी कळलं,” शुक्री म्हणाली. “या खेपेला सगळ्यांच्या आधी मला कळलं.”