हवा कोणी मारली

साकीनाक्याच्या पुढे एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत आमची लॅब आहे. आतल्या खोलीत धूळ चालत नाही. आत जाणाऱ्यांना पांढरा गाऊन, टोपी, बूट द्यायचे आणि बाहेर आल्यावर परत घ्यायचे, हे माझं काम. समोर मोठी काच आहे, तिच्यातून आतलं सगळं दिसतं. मी कुणाशी फारसं बोलत नाही, म्हणून माझ्यासमोर लोक काहीही बोलतात.

तेव्हा आत तिघं जण शिकत शिकत संशोधन करत होते. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी साताऱ्याकडची, घाटकोपरला कॉट भाड्यानं घेऊन राहायची. ती टोपी घालू लागली की त्या मुलग्यांतला एक म्हणायचा, "केस नीट कोंब गं, तुझ्या कोंड्यानं आमची वाट लागेल." दुसरा हसायचा. तीही हसायची. कोंडा तिला नव्हताच.

ती तान्ह्या बाळांचा श्वास मोजायचा सेन्सर करत होती. तिळाएवढी चिप आणि तिच्या मधोमध एक पातळ पडदा. बाकीच्या चिपा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी हे लोक त्यांच्यावर बंदुकीसारख्या नळीनं हवा मारतात, धूळ उडावी म्हणून. त्यांचा हात आपसूक त्या नळीकडे जातो. पण हिच्या चिपेवर हवा मारली की पडदा फाटतो, हे तिनंच मला सांगितलं होतं. कितीतरी फाटल्या आणि शेवटी एक धड निघाली. ती तपासायला बाहेरून दोघं येणार होते. चिप चालली तर तिची फेलोशिप पुढे सुरू राहणार होती. नाही तर गावी जायचं. तिथे घरच्यांनी स्थळ बघून ठेवलं होतं.

पाहुणे आले, एक बाई आणि एक गृहस्थ. मी त्यांना गाऊन दिले. आत पाहुणे स्क्रीनकडे तोंड करून उभे होते, दोन्ही मुलगे टेबलाशी. तिच्या सरांनी डबी उघडली, वाकून पाहिलं आणि नळी उचलली. मुलीनं हात पुढे केला, पण सरांचा हात धरायची तिची हिंमत झाली नाही. सरांनी हवा मारली. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

बाहेर येऊन सगळे बाकड्यावर बूट काढायला बसले. काय झालं, असं पाहुण्या बाईंनी विचारलं.

"मुलीनं घाई केली," सर बूट सोडता सोडता म्हणाले. "हवा मारली."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं त्या दोन मुलग्यांकडे.

"तिनंच मारली," कोंड्यावरून चिडवणारा म्हणाला. दुसऱ्यानं मान डोलावली. त्यांच्याही कागदांवर सरांचीच सही लागायची.

"हो, माझ्याकडून झालं," मुलगी म्हणाली.

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, वय आहे, शिकेल. मग पाहुण्यांना घेऊन जेवायला गेले.

तिची जागा त्या चिडवणाऱ्या मुलाला मिळाली, कामही तेच. जाण्याआधी चिपेतला पडदा न फाटता कसा मोकळा करायचा ते त्याला शिकवून जा, असं सरांनी तिला सांगितलं. काचेतून मी बघायची. ती दाखवायची, तो तिच्या खांद्यावरून वाकून बघायचा. बाहेर आल्यावर म्हणायचा, हात हलका आहे हिचा, सासरी पापड झकास लाटेल. ती तेव्हाही हसायची.

शेवटच्या दिवशी ती एकटीच बाकड्यावर बसली होती.

"मावशी, तुम्ही काचेतून पाहिलंत ना?"

मी मान डोलावली.

"बरं झालं तुम्हाला कुणी विचारलं नाही. तुम्हीपण माझंच नाव घेतलं असतं."

"नाही गं," मी म्हणाले.

"घेतलं असतं," ती म्हणाली आणि बुटांची जोडी माझ्या हातात दिली.