टेक केअर ऑफ आणि पेजेचा डबा

"स्ट्रोक आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला." परळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. स्ट्रेचरवर माझा नवरा, तोंड वाकडं झालेलं. मी वही काढून वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी डिस्फेजिया कळला. म्हणजे गिळण्याचे स्नायू बिघडणं. पातळ पदार्थ श्वासनळीत उतरू शकतो. म्हणून नाकातून राइल्स ट्यूब, थेट पोटात अन्न पोचवणारी नळी. खाटेवर पाटी लागली: 'नथिंग बाय माउथ', तोंडाने काहीही नाही.

वॉर्डात एकच वाक्य दिवसभर कानावर यायचं, "वुई विल टेक केअर ऑफ इट." रिपोर्ट आला नाही, टेक केअर. चादर ओली, टेक केअर. माझी शाळा मराठी. एका शिकाऊ डॉक्टरणीला अर्थ विचारला. "काम असेल तर उरकणं, माणूस असेल तर सांभाळणं. दोन्हीला चालतं, काकू." मी वहीत उतरवलं. खाली दोन रकाने आखले: काय, आणि कोण. पहिला भराभर भरला. दुसरा कोराच राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आंघोळीला चिंचपोकळीला घरी गेले. "जा मॅडम, टेक केअर करतो," वॉर्डातून कुणीतरी सांगितलं होतं.

परतले तर भोईवाड्याची माझी मोठी नणंद यांना घरून आणलेल्या डब्यातली पेज चमच्याने भरवत होती. हे खोकत होते.

"वन्सं, चमचा खाली ठेवा!"

"तीन दिस उपाशी ठेवलंस माझ्या भावाक! नळीन काय माणूस जगता? पेजेन कोण मराक नाय."

संध्याकाळी ताप चढला. अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे अन्न फुप्फुसात जाऊन झालेला संसर्ग. पाच दिवस आयसीयू. वाचतील की नाही, कुणी सांगेना.

मी सिस्टरला शिकलेल्या इंग्रजीत विचारलं, "हू वॉज टेकिंग केअर ऑफ हिम?"

"घरचं माणूस बसलं होतं ना. आम्हाला वाटलं, तेच बघतायत."

नणंद म्हणाली, कुणी अडवलं नाही, मला वाटलं चालतं.

दोघींचा मला संताप आला, अजून येतो. पण पाटी इंग्रजीत होती आणि नणंदेला इंग्रजी येत नाही. ते मला माहीत होतं. फोनवर मी तिला भेटायच्या वेळा सांगितल्या, पेजेचं सांगितलं नाही.

हे वॉर्डात परतले तेव्हा मी जाड मार्करने मराठीत लिहून लावलं, 'तोंडाने काही देऊ नका. पेजसुद्धा नाही.' दर ड्युटीला यांच्याकडे कोण बघणार, त्याचं नाव विचारू लागले. "परीक्षा घेताय काय आमची?" एक वॉर्डबॉय चिडला. मी हो म्हटलं. एकच सिस्टर न विचारता नाव सांगायची, जाताना पुढचीचंही सांगून जायची. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर त्या गोड वाक्यावर उठून जाऊ नका. कोण, किती वाजेपर्यंत, हे विचारा. वाईट दिसलं तरी विचारा. आणि आपल्या माणसांना आपल्या भाषेत आपणच सांगा.

नळी विसाव्या दिवशी निघाली, घट्ट पदार्थ तोंडाने द्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली. नणंदेला मी माफ केलेलं नाही. पण रविवारी दुपारी मीच तिला घरी बोलावते. ती यांना सरळ बसवते, घट्ट केलेल्या पेजेचा एक चमचा देते आणि घास उतरेपर्यंत स्वतःचा श्वास रोखून थांबते. मग माझ्याकडे बघते. मी मान डोलावली की दुसरा भरते.